लोहाऱ्याचे लोखंड आणि रानातली लेकरे

इ. स. १८८२ मध्ये मुंबईच्या जमशेटजी टाटांच्या वाचनात एक अहवाल आला. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या युरोपीय तज्ज्ञाने तो लिहिला होता. हिंदुस्थानात लोखंडाचा कारखाना काढण्यास सोयीचे खनिज कोठे असेल, तर ते चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे; कारण तेथून वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. जमशेटजींनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने मिळवून जर्मनीत तपासून घेतले. तो कोळसा पोलादाच्या कामाचा नाही असे ठरले. खाणपट्ट्याच्या सरकारी अटीही जाचक होत्या. बेत मागे पडला, आणि पुढे १९०७ साली टाटांची पोलाद कंपनी उभी राहिली ती दूर साकचीसाठी, म्हणजे आजच्या जमशेदपूरसाठी.

त्याच १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. सरकारी महसुलाचा मोठा वाटा शेतकऱ्यांच्या घामातून येतो, तो खर्च होतो मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, अशी त्यांची तक्रार होती. खेड्यापाड्यांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मिळावे, त्यात शेतीचे व आरोग्याचे उपयुक्त ज्ञान असावे, ही त्यांची मागणी होती.

हे दोन कागद परस्परांना भेटले नाहीत. एकाने आमच्या भूमीत काय दडले आहे ते सांगितले. दुसऱ्याने भूमीवर राबणाऱ्यांच्या लेकरांत काय दडले आहे ते सांगितले. जमिनीतील धन शोधण्यासाठी तज्ज्ञ आले, मोजण्या झाल्या, नकाशे निघाले. लेकरांतील धन शोधण्याचे काम मात्र फार उशिरा आणि फार मंद गतीने सुरू झाले. या दुसऱ्या शोधाचा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतील इतिहास आज वाचकांपुढे मांडावा, असा विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वनवासी समाजाला तंत्रज्ञान परके आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांना मनातून वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. लोणारी कोळसा पेटवून, मातीच्या भट्टीत भात्याने वारा घालून खनिजापासून लोखंड गाळणारे कारागीर या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकापर्यंत होते. चांद्याच्या गोंड राजांनी शहराभोवती जो दगडी परकोट उभारला, तो आजही उभा आहे. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल, असा या राजांचा शिरस्ता होता, असे परंपरा सांगते. मूल, सिंदेवाही, नागभीड या बाजूचा धान आजही तलावांच्या आधाराने पिकतो. पाण्याचा उतार कोठे आहे, पाळ किती रुंद असावी, सांडवा कोणत्या बाजूस काढावा, हे जाणणारी माणसे निरक्षर असतील. अडाणी खचित नव्हती.

मग हे ज्ञान शाळेच्या फळ्यापर्यंत का पोहोचले नाही? कारण शाळा आली ती निराळी भाषा बोलत आली. मुलाच्या घरात गोंडी, माडिया किंवा झाडीबोली. पुस्तकात पुण्याकडची मराठी. आणि विज्ञानाच्या उंबरठ्यावर एकदम इंग्रजी. दोन नद्या ओलांडून जो मुलगा तिसरीच्या काठाशी येतो, त्याचा दम तेथे संपला, तर त्याला दुबळा म्हणणे हा अन्याय आहे.

दरम्यान उद्योग वाढत होते. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या पेपर मिलला आमच्या रानातला बांबू गेला. चंद्रपूरच्या भूमीतून कोळसा निघाला; १९८० नंतरच्या दशकात दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र त्या कोळशावर धगधगू लागले आणि त्याची वीज दूरदूरच्या शहरांत पोहोचली. बांबू तोडणारे हात आमचे होते, खाणीत उतरणारे पुष्कळ हात आमचे होते. परंतु नकाशा वाचणारे, यंत्राची रचना करणारे, प्रयोगशाळेत नमुना तपासणारे बहुतेक लोक बाहेरून आले. त्यांच्याविषयी तक्रार नाही. त्यांच्यापैकी काही कुटुंबे आज आपल्या धर्मग्रामांचे आधारस्तंभ आहेत. प्रश्न एवढाच की, त्या टेबलाशी रानातल्या मुलाची खुर्ची का नव्हती?

या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर शोधले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन व्हाइसरॉयना सादर केले. त्यातील शिक्षणाचा भाग आजही विचार करावा असा आहे. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भले होणार नाही. विज्ञान व तंत्रशास्त्राचे प्रगत शिक्षण त्याला मिळाले पाहिजे, आणि ते त्याच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे सरकारने खर्च उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील विज्ञान-तंत्र शिक्षणासाठी दरसाल दोन लाख आणि परदेशातील तशाच शिक्षणासाठी दरसाल एक लाख रुपये त्यांनी मागितले. त्यातून १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८ पासून ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. आज आपल्या गावातील एखादा मुलगा जी शिष्यवृत्ती घेऊन महाविद्यालयात जातो, तिचे मूळ येथे आहे. तिच्या उगमाशी विज्ञान आणि तंत्रशास्त्र होते, हे आपण विसरलो आहोत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात येऊन सहस्रावधी लोकांना धम्मदीक्षा दिली. मुलांना शिकवण्याची जी जिद्द त्या समाजात पुढे दिसली, ती आपण सर्वांनी पाहिली आहे.

शिष्यवृत्ती मॅट्रिकनंतरची होती. पण मॅट्रिकपर्यंत पोहोचायचे कसे? घनदाट रानात दहा-पंधरा झोपड्यांची गावे, पावसाळ्यात नद्या-नाल्यांनी तुटलेली. तेथे उपाय एकच होता : मुलाला राहण्याजेवण्यासह शिकवणारी शाळा. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदकडे भिल्ल सेवा मंडळ स्थापून ही वाट दाखवली होती. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात आश्रमशाळांचे जाळे पसरले. त्या शाळांतील उणिवा वर्तमानपत्रांतून आपण वाचतो, आणि त्या खऱ्या आहेत. तरीही त्या नसत्या, तर आज ज्या मोजक्या मुलांची नावे अभिमानाने घेता येतात, तीही घेता आली नसती.

१९७३ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी आय. आय. टी. संस्थांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा सुरू झाल्या. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिले. १९७६ साली शाळा निघाली. प्रारंभी मुले शाळेला घाबरून रानात पळून जात. शिक्षकांनी त्यांची माडिया भाषा शिकावी आणि मग आपली शिकवावी, असा क्रम ठेवावा लागला. त्या शाळेतून पुढे माडिया समाजातील डॉक्टर, वकील आणि शिक्षक निघाले. एकीकडे दिल्लीने दाराची कडी काढली, दुसरीकडे हेमलकशात कोणी मुलाचा हात धरून त्याला दाराकडे चालवत नेले. दोन्ही कामे आवश्यक होती. परंतु ती एकमेकांपासून फार दूर घडत होती.

दारे यानंतरही उघडत गेली. नागपूरचे विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून होतेच. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९९६ साली चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. ज्या मुलाला पूर्वी नागपूर गाठावे लागे, त्याला आता मूलच्या बस स्थानकावरून तासा-दीड तासात महाविद्यालय गाठता येते.

या वाटेने शेवटपर्यंत गेलेल्या एका माणसाची कथा २०२२ साली देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. डॉ. भास्कर हलामी हे कुरखेडा तालुक्यातील चिरचाडी या लहान गावचे. पावसाळ्यात घरात धान्य नसे, तेव्हा मोहफुले शिजवून आणि तांदळाच्या पिठाची आंबील पिऊन कुटुंबाने दिवस काढले. वडिलांना कसनसूरच्या शाळेत स्वयंपाक्याचे काम मिळाले, म्हणून कुटुंब तेथे गेले आणि मुलगा तेथील आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकला. शिष्यवृत्तीच्या परीक्षेतून त्याला यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात प्रवेश मिळाला. गडचिरोलीत बी. एस्सी., नागपूरच्या विज्ञान संस्थेत रसायनशास्त्राची एम. एस्सी., आणि २००३ साली नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेत अध्यापकाची नोकरी. पुढे अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठाची पीएच. डी. करून ते मेरीलँडमधील औषधसंशोधन करणाऱ्या एका कंपनीत वरिष्ठ शास्त्रज्ञ झाले. चिरचाडीतील पहिले विज्ञान पदवीधर तेच आणि पहिले पीएच. डी.ही तेच.

ही कथा वाचताना आपण मोहफुलांपाशी थांबतो, डोळे पुसतो आणि जिद्दीचे कौतुक करतो. मला तिच्यात दुसरे काही दिसते. प्रत्येक वळणावर कोणीतरी उभे होते. वडिलांची नोकरीच शाळेत होती. चौथीनंतर विद्यानिकेतन होते. प्रत्येक पायरीच्या पुढची पायरी त्या वेळी जागेवर होती. एखादी निखळली असती, तर तेवढ्याच बुद्धीचा तो मुलगा आज आपल्याला ठाऊकही नसता. असे ठाऊक नसलेले किती असतील?

त्यांपैकी एक मला ठाऊक आहे, आणि त्याची गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात एक गोंड मुलगा होता. गणितात त्याची गती पाहून मी थक्क होत असे. बारावीनंतर त्याला दूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. जातवैधता प्रमाणपत्रासाठी मी त्याच्याबरोबर कार्यालयाच्या खेपा घातल्या, पहिल्या वर्षाचे किरकोळ पैसे जमवले, नवी बॅग घेऊन दिली आणि त्याला गाडीत बसवले. रात्री प्रार्थनेत मी देवाचे आभार मानले. माझे काम संपले, अशी माझी समजूत होती.

दिवाळीत तो घरी आला तो परत गेलाच नाही. मला कळले तेव्हा जानेवारी उजाडला होता. पहिल्या सत्रात गणितातच तो नापास झाला होता. मी त्याच्या गावी गेलो. पुष्कळ वेळ तो खाली मान घालून बसला. शेवटी म्हणाला, "फादर, तेथी मले कोणी काही विचारलंच नाही. अन् मीबी कोणाले काही विचारलो नाही."

वर्गातले इंग्रजी त्याला पहिले दोन महिने कळले नव्हते. ड्रॉइंगची साधने कशी धरायची हे इतरांना आधीच ठाऊक होते. 'राखीव जागेवरचा' हा शब्द त्याच्या कानावर पडला होता. इतर मुले चार-चार जण मिळून अभ्यास करीत. तो खोलीत दार लावून एकटा तीच ती उदाहरणे सोडवीत बसे. तेथील कोणी त्याचा छळ केला, असे नव्हे. आणि दोष देण्याआधी मला माझ्याकडे पाहावे लागले. सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मी त्याला एक पत्र लिहिले नव्हते, एक फोन केला नव्हता. आज तो एका राईस मिलमध्ये काम करतो. मोटार बिघडली की मालक त्यालाच हाक मारतात.

या मुलाच्या एका वाक्याने मला पुढे पुष्कळ वाचायला लावले. त्यात एक आश्चर्य पुढे आले. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात युरी ट्रिझमन नावाच्या गणितज्ञाला हाच प्रश्न पडला होता. तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थी शाळेत हुशार ठरून आलेले असत आणि कलनशास्त्रात मात्र नापास होत. घरची गरिबी, शाळेची कमकुवत तयारी, अनास्था अशी कारणे लोक सांगत. ट्रिझमनने त्या मुलांबरोबर राहून पाहिले, तेव्हा दिसले की ती कष्ट भरपूर घेतात. पण अभ्यास एकट्याने करतात. चिनी वंशाची मुले मात्र रात्री एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत, कोठे अडले ते मोकळेपणी सांगत. मग त्याने कच्च्या मुलांच्या शिकवणीऐवजी कठीण उदाहरणे एकत्र बसून सोडवण्याचे वर्ग काढले. ती मुले उत्तीर्ण होऊ लागली, पुष्कळदा इतरांहून वरचढ गुणांनी. १९८८ साली मेरीलँडच्याच एका विद्यापीठात अशाच तत्त्वांवर मायरहॉफ शिष्यवृत्ती योजना सुरू झाली : पैसा तर द्यायचाच, पण प्रवेशाआधीच्या उन्हाळ्यात मुलांना एकत्र आणायचे, गटाने अभ्यास करवायचा, प्रत्येकाला संशोधन करणारा एक मार्गदर्शक द्यायचा आणि अपेक्षा उंच ठेवायची. आपल्या आय. आय. टी. संस्थांतील अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठीचा एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रमही याच जाणिवेतून आला आहे.

परंतु एवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या घरातच याचा दाखला आहे. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे आपल्या पवित्र सभेतील एक व्रतस्थ. १८२२ साली गरीब शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिकताना अर्धपोटी राहून ते आजारी पडत. धाकट्या बहिणीने, तेरेझियाने, आपल्या हुंड्यातील वाटा भावाच्या शिक्षणासाठी सोडून दिला. १८४३ साली ते ब्रुनोच्या मठात आले, तेथे त्यांना पोटभर अन्न, ग्रंथालय आणि विज्ञानाची चर्चा करणारे सोबती मिळाले. १८५० साली शिक्षकाच्या परीक्षेत ते नापास झाले! मठाधिपती नाप यांनी त्यावर त्यांना घरी पाठवले नाही. १८५१ साली व्हिएन्ना विद्यापीठात विज्ञान शिकायला पाठवले. तेथून परतल्यावर १८५६ साली त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग आरंभिले. नापास झालेल्या मेंडेलच्या पाठीशी बहीण आणि मठ उभे होते. माझ्या गोंड मुलाच्या पाठीशी, तो नापास झाला त्या दिवशी, कोणीही नव्हते.

आपल्या भागात ३१ मार्च १९६२ रोजी चांद्याचे स्वतंत्र धर्मक्षेत्र स्थापन झाले. केरळहून आलेल्या धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी दवाखाने उघडले, शाळा उघडल्या, वसतिगृहे चालवली. त्या कष्टांपुढे मी नतमस्तक आहे. तथापि आत्मपरीक्षण केले पाहिजे. आपल्या इंग्रजी शाळांतून शहरातील कितीतरी मुले अभियंते झाली; वसतिगृहातील रानातल्या मुलाला मात्र दहावी पार केली की आपण निरोप दिला. जेथे त्याला सोबतीची सर्वांत अधिक गरज होती, नेमके तेथे आपण हात सोडला.

त्या घटनेनंतर आम्ही एक साधा नियम केला. विज्ञान किंवा अभियांत्रिकीला मुलगा वा मुलगी एकटी पाठवायची नाही. शक्यतो दोघे-तिघे एका ठिकाणी जातील असे पाहायचे. सीईटी झाल्यावर निकालापर्यंतच्या दिवसांत त्यांना एकत्र बसवून इंग्रजीतील गणिताच्या संज्ञा आणि ड्रॉइंगची ओळख करून द्यायची. एक निवृत्त अभियंता हे काम आनंदाने करतात. आणि पहिल्या सत्रात दर रविवारी मिस्सानंतर प्रत्येकाला फोन करायचा, प्रश्न एकच, "या आठवड्यात काय अडलं?" सगळेच पार पडले असे म्हणणार नाही. दोघे परत आले. परंतु ते परत आले हे आम्हाला त्याच आठवड्यात कळले, आणि त्यांतील एक पुन्हा गेला.

वाचक बंधुभगिनींनो, याला फार मोठा निधी लागत नाही. धर्मग्रामातील एखादे कुटुंब, ज्याच्या घरात एक अभियंता, परिचारिका, प्रयोगशाळा सहायक किंवा गणिताची शिक्षिका आहे, त्याने एका मुलाचे पहिले वर्ष आपले मानायचे. तो मुलगा ख्रिस्ती असावा अशी अट नको. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना जवळ बसायचे, सणाला घरी जेवायला बोलवायचे, आणि नापास झाला तर त्या संध्याकाळी त्याच्याकडे जायचे.

लोहाऱ्याचा बेत मागे पडून आता जवळजवळ दीड शतक होत आले. लोखंडाची कथा मात्र आपल्या जिल्ह्यांत पुन्हा सुरू झाली आहे. एटापल्लीकडच्या सुरजागडच्या डोंगरातून खनिज निघत आहे आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे. या उद्योगाविषयी मते निरनिराळी आहेत, आणि ज्यांचे रान जाते त्यांची वेदना खरी आहे. खनिजाचे ट्रक आता रात्रंदिवस धावतात. त्या खनिजाचा नमुना प्रयोगशाळेत तपासायला, त्या उद्योगाने नदीचे पाणी बिघडते का हे मोजायला आणि मोजून निर्भयपणे सांगायला जो माणूस लागेल, तो कोठून येणार?

तो कदाचित या क्षणी मूलच्या एखाद्या वसतिगृहात बारावीच्या पुस्तकावर मान घालून बसला असेल. जूनमध्ये त्याला गाडीत बसवून द्यायला पुष्कळ जण येतील. सप्टेंबरात त्याला फोन कोण करणार, ते आताच ठरवू या.